शिनासी आणि तुर्की वृत्तपत्राची पहिली दहा वर्षे

1860 च्या ऑक्टोबरात इस्तंबूलहून ‘तर्जुमान-इ-अहवाल’ हे पत्र निघाले, तेव्हा उस्मानी सल्तनतीत वर्तमानपत्र ही काही अपूर्व वस्तू राहिली नव्हती. दुसऱ्या महमूद सुलतानाने 1831 मध्ये सुरू केलेले ‘तक्वीम-इ-वेकायी’ हे फर्माने, नेमणुका आणि दरबारी समारंभ छापणारे सरकारी पत्र होते. विल्यम चर्चिल नावाच्या इंग्रजाने 1840 मध्ये काढलेले ‘जरीदे-इ-हवादिस’ सरकारच्या द्रव्यसाहाय्यावर तग धरून होते. आणि इझ्मीर व इस्तंबूल येथील फ्रेंच, ग्रीक, आर्मेनियन पत्रे तर कित्येक वर्षांपासून चालू होती. राज्यकर्त्यांचाच धर्म आणि राज्यकर्त्यांचीच भाषा असलेल्या समाजातील कोणा खाजगी गृहस्थाने मात्र तोवर एकही पत्र काढलेले नव्हते. हा विपर्यास पहिल्याच अंकाच्या प्रास्ताविकात इब्राहिम शिनासी या 34 वर्षांच्या लेखकाने निदर्शनास आणला, आणि त्याच ओघात, जणू सर्वमान्य असलेली गोष्ट सांगावी अशा स्वरात, त्याने एक प्रतिपादन केले: कायद्याने ज्यांच्यावर कर्तव्यांचा भार टाकला आहे, त्यांना आपल्या देशाच्या हिताविषयी वाणीने व लेखणीने मत देण्याचा हक्कही त्याच कायद्याने प्राप्त होतो. जिथे रयतेने अर्ज करावा आणि हुजुरांनी तो कृपावंत होऊन ऐकावा एवढाच शिरस्ता शतकानुशतके चालत आलेला, तिथे हक्काची ही भाषा किती नवी होती, याची कल्पना आज सहजी येणार नाही.

शिनासी काही उमरावाच्या घरचा नव्हे. बाप तोफखान्यातला अधिकारी. रशियाशी झालेल्या 1828–29 च्या युद्धात तो कामास आला, आणि आईने वाढविलेला हा मुलगा वयात येताच त्याच तोफखान्याच्या दप्तरात कारकून म्हणून लागला. तिथल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याकडून त्याने अरबी व फारसी आणि चाकरीतल्या एका फ्रेंच माणसाकडून फ्रेंच भाषा आत्मसात केली. 1849 च्या सुमारास, सुधारणांचा प्रवर्तक मुत्सद्दी रशीद पाशा याच्या आश्रयाने, तो सरकारी खर्चाने पॅरिसला गेला. पाठविणाऱ्यांना राजस्वशास्त्र जाणणारा अंमलदार हवा होता. परत आला तो वाङ्मयाचा आणि व्याकरणाचा व्यासंगी, लामार्तीन व रनाँ यांच्या वर्तुळात वावरलेला एक मितभाषी मनुष्य. शिक्षणमंडळावर त्याची नेमणूक झाली. पुढे रशीद पाशाचा प्रतिस्पर्धी आली पाशा याचे वर्चस्व होताच दाढी काढून टाकल्याच्या सबबीवर त्याला बडतर्फ करण्यात आले, असे सांगतात. आश्रयदात्याचे आसन डळमळले की आश्रिताची दाढीसुद्धा राजकीय विषय होते, हा दरबारांचा धर्म सार्वत्रिक आहे.

‘तर्जुमान’चा मालक आगाह एफेंदी हा कर्तबगार गृहस्थ, पुढे टपालखात्याचा प्रमुख असताना 1863 मध्ये उस्मानी राज्यातील पहिली टपाल-तिकिटे त्यानेच प्रचारात आणली. शिनासीचे मन मात्र त्याच्या पत्रात काही महिनेच रमले. 1862 च्या जूनमध्ये त्याने ‘तस्वीर-इ-एफ्कार’ हे स्वतःचे पत्र स्वतःच्या छापखान्यातून काढले, आणि पुढील अडीच वर्षांत तुर्की गद्याला जे वळण लागले, त्याचे श्रेय बव्हंशी या एका पत्रास द्यावे लागते. तोवरचे दरबारी गद्य म्हणजे अरबी-फारसी समासांची एक अखंड मिरवणूकच होती. क्रियापद दिसेपर्यंत आरंभीचा कर्ता विस्मरणात जावा. शिनासीने वाक्य तोडले, विरामचिन्हे रुजविली, आणि सामान्य माणसाला सुखाने कळेल असे लिहिण्याचे पहिल्या प्रास्ताविकातच दिलेले वचन पाळले. (तो गुण प्रस्तुत लेखकास साधलेला नाही, हे वाचकांच्या एव्हाना ध्यानात आले असेल.) अरबी लिपीच्या जुळणीस पाचशेच्या घरात खिळे लागत, त्यांची संख्या त्याने 112 वर आणली. लोकांच्या तोंडच्या म्हणी गोळा करून 1863 मध्ये त्यांचे पुस्तक छापले. त्यापूर्वीच ‘शाइर एव्हलेनमेसी’ या एकांकी प्रहसनात त्याने, न पाहिलेल्या वधूशी होणाऱ्या विवाहाची आणि लाचेने फिरणाऱ्या इमामाची यथेच्छ थट्टा केली होती. धर्मशास्त्राशी थेट वाद न घालता धर्माधिकाऱ्याला हास्यास्पद करणे, ही त्याची पद्धत.

त्याच्या उदारमतवादाचे स्वरूप मला जर कुठे सर्वात स्पष्ट दिसत असेल, तर ते कोणत्याही घोषणेत नव्हे, तर इस्तंबूलच्या रस्त्यांची सफाई व दिवाबत्ती या विषयावरील त्याच्या लेखात. रस्त्यात उजेड असावा, हा विषय क्षुल्लक खरा. परंतु ज्या नागरिकाला आपल्या गल्लीतील अंधाराविषयी जाहीरपणे तक्रार करता येते, तो उद्या खजिन्याचा हिशेबही मागेल, हे वजिरांनी त्याच्याइतकेच ओळखले होते. 1863 मध्ये, राज्यकारभाराची पत्रात वारंवार चर्चा करतो या कारणावरून, शिक्षणमंडळावरील त्याची जागा दुसऱ्यांदा गेली. पत्र त्याने चालूच ठेवले. परंतु 1864 मध्ये मुद्रणाचा कायदा आला, वातावरण गढुळले, आणि 1865 च्या आरंभी पत्राची सूत्रे 24 वर्षांच्या नामिक केमालच्या हाती देऊन शिनासी पॅरिसला निघून गेला.

येथे त्याच्या चरित्रकारांची अडचण होते. नामिक केमाल व त्याचे सहकारी पुढे ‘नव-उस्मानी’ म्हणून प्रसिद्धीस आले, 1867 मध्ये परागंदा झाले, लंडनमधून 1868 साली त्यांनी ‘हुर्रियत’ काढले, आणि शिनासीला ते गुरुस्थानी मानीत. पण पॅरिसमध्ये असूनही गुरू शिष्यांच्या खलबतांपासून अलिप्तच राहिला. तो तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात बसून तुर्की भाषेचा एक विशाल कोश रचीत होता. ह्याला कोणी भीरुता म्हणतात. मला तसे वाटत नाही. सत्ता हस्तगत करण्याची हौस त्याला कधीच नव्हती. लोकांना बोलण्याजोगी भाषा द्यावी, मग ते काय बोलतील ते त्यांचे त्यांनी ठरवावे, एवढेच त्याचे राजकारण होते. आणि ज्याला हे राजकारण करायचे, त्याने कोशाला कटापेक्षा अधिक महत्त्व देणे सुसंगतच म्हटले पाहिजे. ह्या वृत्तीला एक मर्यादा आहे, हेही खरे: 1867 मध्ये सरकारने वाटेल ते पत्र हुकमासरशी बंद करण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, तेव्हा त्याच्याशी झुंजायला कोशकाराचा काही उपयोग नव्हता.

1869 मध्ये तो इस्तंबूलला परतला, पुन्हा छापखाना मांडला, आणि 13 सप्टेंबर 1871 रोजी, मेंदूच्या विकाराने, वयाच्या 45 व्या वर्षी वारला. कोश अपुराच राहिला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या एबुझ्झिया तेवफिकने मात्र गुरूचे निवडक लेख पुस्तकरूपाने छापले. 1876 ची राज्यघटना, दोन वर्षांत गुंडाळलेली संसद आणि अब्दुल हमीदच्या अंमलातील तीस वर्षांची मुद्रणबंधने ह्यांतून पार पडून जुलै 1908 मध्ये पत्रे पुन्हा पूर्वतपासणीवाचून निघू लागली. तेव्हा ह्याच एबुझ्झियाने 1909 साली आपल्या नव्या दैनिकाला जुन्या पत्राचेच नाव दिले आणि ‘येनी तस्वीर-इ-एफ्कार’ म्हणून ते वाचकांच्या हाती ठेवले.