हॅरल्ड आला फ्रेमच्या मधोमध!

शुक्रवारची संध्याकाळ. अमेरिकेतली एक इन्व्हेस्टमेंट बँक. एक गोरा एक्झिक्युटिव्ह आपलं काम ज्युनियरच्या गळ्यात मारतो आणि मित्राबरोबर पार्टीला पसार होतो. या एशियन लोकांना आकडेमोड आवडतेच, असं म्हटलं की झालं! ओळखीचं वाटतंय ना? (गोरा नसेल, पण असा सीनियर प्रत्येक ऑफिसात असतो.)

२००४ च्या ‘हॅरल्ड अँड कुमार गो टू व्हाइट कॅसल’ची ही सुरुवात. गंमत म्हणजे, पहिली काही मिनिटं वाटतं की सिनेमा त्या दोन गोऱ्या पोरांचाच आहे. हॉलिवूडनं आपल्याला सवयच तशी लावलीये. पण ते दोघं निघून जातात आणि कॅमेरा चक्क त्या काम उपसणाऱ्या ज्युनियरपाशी थांबतो.

तो हॅरल्ड म्हणजे जॉन चो. त्याचा जिगरी दोस्त कुमार म्हणजे काल पेन, खरं नाव कल्पेन मोदी, न्यू जर्सीतल्या गुजराती घरातला. गांजाच्या तारेत बर्गर शोधत रात्रभर भटकणारे दोन एशियन हिरो! थिएटरात सिनेमा बेताचाच चालला, पण डीव्हीडीवर तुफान हिट झाला. पुढे २००८ आणि २०११ मध्ये दोन सीक्वेलही आले. जाता जाता एक किस्सा : झुंपा लाहिरींची ‘द नेमसेक’ ही कादंबरी वाच, असं कल्पेनला सांगणारा जॉनच. २००६ मध्ये मीरा नायरनी त्यावर सिनेमा काढला, तेव्हा गोगोल कल्पेनच झाला.

‘तो’ ॲक्सेंट नको

जॉनचा जन्म १९७२ चा, सोलचा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत आलं. बर्कलेतून इंग्लिश लिटरेचर केलं, काही काळ शाळेत शिकवलं आणि मग अॅक्टिंगचं वेड. १९९९ च्या ‘अमेरिकन पाय’मध्ये तो पार्टीत एक चावट शब्द ओरडतो. रोल एवढासा, की श्रेयनामावलीत त्याला धड नावही नाही. पण तो शब्द जगभर पोचला आणि लोक त्याला रस्त्यात गाठून तोच म्हणायला लावू लागले.

खरी कसोटी २००२ च्या ‘बिग फॅट लायर’ या बच्चेकंपनीच्या कॉमेडीत लागली. रोल होता चायनीज डायरेक्टरचा आणि हवा होता तोडकंमोडकं इंग्लिश बोलणारा ‘तो’ ॲक्सेंट. जॉननं नकार दिला. लहान मुलांनी उच्चारांना हसावं, हे त्याला पटेना. दिग्दर्शक शॉन लेव्हीनं ऐकलं आणि रोल बदलला. आज हे सोपं वाटतं. पण तेव्हा स्ट्रगलरला नाही म्हणणं म्हणजे हातचं काम घालवायची तयारी ठेवणं. त्याच्या आधीच्या पिढ्यांकडे तर तेवढीही सोय नव्हती. जेम्स शिगेटाचंच बघा. १९५९ च्या ‘द क्रिमसन किमोनो’त या देखण्या गड्याला गोरी हिरॉइन मिळाली होती. पण पुढे हिरोचे रोल आटले आणि आपल्या पिढीला तो आठवतो ‘डाय हार्ड’मध्ये गोळी खाऊन मरणारा बॉस म्हणून!

पोस्टरवर आधी, पडद्यावर नंतर

२००९ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये जॉनला सुलूचा रोल मिळाला. आपण कोरियन, जपानी वंशाच्या जॉर्ज ताकेईनं गाजवलेली भूमिका कशी करायची, अशी त्याला धाकधूक होती. सुलू सगळ्या आशियाचा आहे, असं म्हणत ताकेईंनी पाठीवर हात ठेवला. मोठा सिनेमा, मोठं नाव... पण कॅप्टनची खुर्ची दुसऱ्याचीच.

२०१४ मध्ये टीव्हीवर ‘सेल्फी’ आली. आपल्या पुलंच्या ‘ती फुलराणी’चं मूळ असलेल्या ‘पिग्मॅलियन’चाच मॉडर्न अवतार. प्रोफेसरच्या जागी जॉन, म्हणजे रोमँटिक हिरो एशियन! एबीसी चॅनलनं सात भाग दाखवून ती गुंडाळली.

मग मे २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम यू या तरुणानं भारी आयडिया लढवली. ‘द मार्शियन’, ‘स्पेक्टर’ अशा सुपरहिट सिनेमांच्या पोस्टरवर त्यानं हिरोच्या जागी जॉनचा चेहरा चिकटवला. ‘स्टारिंग जॉन चो’ हा हॅशटॅग धडाक्यात पसरला. बघताना आधी हसू येतं, मग लक्षात येतं की चेहरा कुठेच विजोड दिसत नाहीये.

पुढच्याच वर्षी आलेला ‘कोलंबस’ अगदी शांत सिनेमा. कोमातल्या वडिलांसाठी आलेला मुलगा, एक छोटं गाव आणि सुंदर इमारती, बस्स. आणि २०१८ मध्ये ‘सर्चिंग’. भारतीय वंशाच्या अनीश चगंटीचा हा पहिलाच सिनेमा. अख्खी गोष्ट कॉम्प्युटर आणि मोबाइलच्या स्क्रीनवरच घडते. सुरुवातीला जॉननं याही रोलला नाही म्हटलं होतं. अनीशनं पिच्छा पुरवला म्हणून बरं! दहा लाख डॉलरहून कमी खर्चातल्या या सिनेमानं जगभरात साडेसात कोटी डॉलरच्या आसपास कमावले. डेव्हिड किम हा हरवलेल्या मुलीला शोधणारा बाप आहे, बस. तो कोरियन आहे याचं ना कौतुक, ना स्पष्टीकरण. तेव्हा जॉन होता ४६ वर्षांचा. हिरोला ज्या वयात ‘आता कॅरेक्टर रोल बघा’ म्हणतात, त्या वयाचा.

म्हणून सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर तसंही नाही. २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेत एशियन लोकांवर हल्ले होऊ लागले, तेव्हा या स्टारला आईवडिलांना फोन करून सांगावं लागलं, की बाहेर पडताना जपा. हे त्यानंच ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये लिहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘काउबॉय बिबॉप’ आली. गुडघ्याच्या दुखापतीमुळे शूटिंग काही महिने थांबलं होतं, तरी पठ्ठ्यानं वयाच्या ४९ व्या वर्षी ॲक्शन हिरो रंगवला. नेटफ्लिक्सनं तीन आठवड्यांत ती बंद केली. खरं सांगायचं तर सिरीज जरा पसरटच होती, पण जॉन मस्त होता.

‘सर्चिंग’ राहिला असेल तर या वीकएंडला बघून टाका. टीव्हीवर नको, लॅपटॉपवरच, दिवे घालवून. आणि शुक्रवारी कुणी फाइल आणून टाकायच्या आत ऑफिसातून निघा!