गोधडीवरून मन उडालंय? आमेरला जाऊन या!

गोधडीचा कंटाळा येतो तो बहुतेकदा धावदोऱ्याच्या वेळी. तुकडे जोडताना मजा येते, टाके मात्र संपता संपत नाहीत. माझीही गोधडी अशीच कपाटात पडून होती.

मग जयपूरजवळच्या आमेरला जाणं झालं. तिथल्या खेरी गेटजवळच्या जुन्या हवेलीत २००५ पासून ‘अनोखी’ हातछपाई संग्रहालय आहे. तिथे छपाई डोळ्यांसमोर चालते. कारागीर लाकडी ठसा रंगात टेकवतो, कापडावर ठेवून मुठीने ठोकतो, लगेच पुढचा ठसा, कडेला कड जुळवून. पारंपरिक जयपुरी रजईचं कापडही असंच छापतात. आत पिंजलेला कापूस, म्हणून ती इतकी हलकी, आणि वरून हाताचे टाके!

ते पाहून पुन्हा सुई धरावीशी वाटली. तुमचीही गोधडी अर्धवट असेल तर रोज टाक्यांची एकच ओळ घाला. आणि आमेरचा किल्ला पाहायला गेलात, तर हे संग्रहालय चुकवू नका.