चार भेटी आणि खिशातला फोन

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात येणारा माणूस ‘मला युद्ध विसरता येत नाही’ असं म्हणत येत नाही. त्याचा गुडघा दुखत असतो, रक्तदाब वाढलेला असतो, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसतो. कित्येकदा घरच्यांनी बळेच पाठवलेलं असतं. तपासणी चालू असताना नर्स त्याला आधी विचारते, की आयुष्यात कधी जिवावर बेतणारा किंवा हादरवून टाकणारा प्रसंग आला होता का. उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे गेल्या महिनाभरातले पाच प्रश्न येतात. त्या प्रसंगाची वाईट स्वप्नं पडली का? त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळाव्याशा वाटल्या का? सतत सावध राहिलात, साध्या आवाजाने दचकलात का? माणसांपासून तुटल्यासारखं वाटलं का? जे घडलं त्याचा दोष स्वतःला किंवा दुसऱ्याला देत राहिलात का?

उत्तरं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. बहुतेक उत्तरं ‘हो’ आली, तर गुडघ्याच्या आडून खरं दुखणं बोलू लागलेलं असतं.

नाव उशिरा मिळालेलं दुखणं

हे दुखणं जुनं आहे, नाव मात्र अलीकडचं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’वर लेख लिहिला. तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी, असा तेव्हाचा समज होता. पुढे गोळा जवळ न फुटलेल्या सैनिकांतही तीच लक्षणं दिसली. तरीही अनेकांच्या वाट्याला भित्रेपणाचा शिक्काच आला. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी आवाज उठवला आणि १९८० साली अमेरिकी मनोविकार संघटनेच्या अधिकृत वर्गीकरणात ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजेच पीटीएसडी, हे नाव दाखल झालं. मराठीत आपण त्याला आघातोत्तर ताण म्हणू.

यावर चांगले उपचार आहेत. एका पद्धतीत रुग्ण तज्ज्ञाच्या सोबतीने त्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरा जातो. दुसरीत, आघातानंतर मनात घट्ट बसलेले ‘माझ्यामुळेच तो गेला’ यांसारखे विचार तपासून पाहिले जातात. पण त्यासाठी डझनभर बैठका लागतात, तज्ज्ञ लागतो आणि मनोविकार विभागाची पायरी चढावी लागते. वर्षानुवर्षं ‘सगळं ठीक आहे’ म्हणायला शिकलेल्या सैनिकाला ती पायरी डोंगराएवढी वाटते. त्यामुळे नाव कळूनही अनेक जण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत.

फोनमध्ये काय आहे?

ही दरी बुजवण्यासाठी २०११ साली अमेरिकेच्या माजी सैनिक कल्याण खात्याने आणि संरक्षण खात्याने मिळून ‘पीटीएसडी कोच’ हे अ‍ॅप आणलं. ते मोफत आहे. वापरायला खातं उघडावं लागत नाही. आपली नोंद वरिष्ठांच्या हाती पडेल या धास्तीने गप्प राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट मोलाची वाटते.

अ‍ॅपचे चार भाग आहेत. पहिल्यात या दुखण्याची साध्या भाषेत माहिती मिळते. दुसऱ्यात प्रश्नावली भरून स्वतःची लक्षणं मोजता येतात आणि ती वाढताहेत की कमी होताहेत हे आलेखात दिसतं. तिसरा भाग त्या त्या क्षणी सावरण्याचा आणि चौथा मदत कुठे मिळेल ते सांगणारा.

तिसरा भाग हे या अ‍ॅपचं काळीज. अमेरिकेत ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, आतषबाजी होते. दिवाळीत आपल्याकडे फटाके वाजतात तशीच. समजा, त्या आवाजाने माजी सैनिकाच्या छातीत धडधड सुरू झाली. तो फोन उघडतो, ‘आठवण जागी झाली’ अशा अर्थाचा पर्याय निवडतो आणि थर्मामीटरसारख्या पट्टीवर आपली अस्वस्थता ० ते १० मध्ये नोंदवतो. मग अ‍ॅप त्याला एखादी युक्ती देतं: सावकाश श्वास घेणं, एकेक स्नायू आवळून सैल सोडणं, किंवा आसपास दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या वस्तूंवर लक्ष आणून ‘मी आता इथे आहे’ हे शरीराला पटवणं. आपल्या माणसांचे फोटो आणि आवडती गाणीही त्यात घालून ठेवता येतात. शेवटी पट्टी पुन्हा समोर येते. आकडा आठवरून पाचावर आला, तर या वादळाला आवर घालता येतो याचा पुरावा त्याच्याच हातात असतो.

सोबतीचं बळ

तरीही एकट्याने घेतलेलं अ‍ॅप बहुतेकदा दोन-चार दिवस उघडलं जातं आणि मग विसरलं जातं. व्यायामाच्या पुस्तकाचं होतं तसंच. म्हणून संशोधक काइल पोसेमाटो, एरिक कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅपला माणसाची जोड दिली. जागा निवडली ती मनोविकार विभागाची नव्हे, तर नेहमीच्या दवाखान्याची. तिथे डॉक्टरांच्या शेजारच्याच खोलीत समुपदेशक बसतो. रुग्णाला वेगळ्या इमारतीत जावं लागत नाही, की वेगळ्या पाटीखाली बसावं लागत नाही.

आठ आठवड्यांत साधारण वीस-तीस मिनिटांच्या चार भेटी, एवढाच हा उपचार. पहिल्या भेटीत अ‍ॅप हातात देऊन ते वापरायला शिकवायचं आणि ध्येय ठरवायचं, जसं की आठवड्यातून तीन रात्री तरी नीट झोप. पुढच्या भेटींत काय जमलं, कुठे अडलं ते पाहायचं आणि त्या माणसाला मानवणाऱ्या युक्त्या पक्क्या करायच्या. शेवटच्या भेटीत पुढची वाट ठरवायची: इथेच थांबायचं, की तज्ज्ञांच्या सखोल उपचारांकडे जायचं.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या छोट्या चाचणीत २० माजी सैनिक होते. सोबतीने अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी ७ जणांत ठळक सुधारणा दिसली, एकट्याने वापरणाऱ्यांपैकी ३ जणांत. पुढे २३४ माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली: एका गटाला सोबतीसह अ‍ॅप, दुसऱ्याला दवाखान्यातली नेहमीची मानसोपचार सेवा. तिचा निकाल प्रामाणिकपणे वाचायला हवा. तपासनिसांनी मुलाखत घेऊन मोजलेली लक्षणं दोन्ही गटांत सारखीच उतरली, म्हणजे नेहमीच्या सेवेपेक्षा अ‍ॅपचा गट त्या मोजपट्टीवर सरस ठरला नाही. पण रुग्णांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत, उपचार संपताना, अ‍ॅपच्या गटाला जास्त उतार वाटत होता आणि उपचारांबद्दलचं समाधानही अधिक होतं.

माझ्या मते या निकालाचा अर्थ सरळ आहे. चार छोट्या भेटी म्हणजे पूर्ण उपचार नव्हेत. मुळाशी बसलेली आठवण त्या उपटून काढत नाहीत. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत किंवा जो दारूत बुडाला आहे, त्याला याहून मोठा आधार तातडीने हवा. पण कालपर्यंत दाराबाहेर उभा असलेला माणूस या भेटींमुळे आत येतो, बसतो, बोलतो. उपचारांची सुरुवात तिथूनच होते.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. साताऱ्याच्या अपशिंगे गावाची ओळखच ‘मिलिटरी अपशिंगे’ अशी आहे. पिढ्यानपिढ्या पोरं फौजेत धाडणारी अशी गावं कोल्हापूर-सांगलीकडेही आहेत. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस या आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिक्स चालतात. १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन देशभर सुरू झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष उघडला तो पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातच.

म्हणजे दवाखाना आहे, हेल्पलाइन आहे आणि फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. आता गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्या सुभेदारांना कुणीतरी ते पाच प्रश्न मराठीत, आपुलकीने विचारायला हवेत. मराठी बोलणारं असं अ‍ॅप त्यांच्या हाती द्यायला हवं आणि चार वेळा शेजारी बसून ‘कसं चाललंय?’ असं विचारणारं माणूस नेमायला हवं. यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. लागेल ती इच्छा.

तोवर आपल्या हातात एवढं नक्की आहे: तुमच्या घरात, गल्लीत, गावात फौजेतून परतलेले काका, मामा, दादा असतील आणि फटाक्याच्या आवाजाने ते आत निघून जात असतील, तर त्यांना हसू नका. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये नोंदवून ठेवा.