मचाणावर चढताय? आधी दोर बांधा!

मॉल, मल्टिप्लेक्स, तेच ते वीकेण्ड! कंटाळलात? मग पुढची बुद्धपौर्णिमा राखून ठेवा. वैशाखात ओढे आटतात, प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात आणि चांदण्यात मचाणावर बसून त्यांची नोंद करायची, ही वनखात्याची जुनी रीत. काही ठिकाणी तुमच्या-आमच्यासारख्यांनाही त्यात घेतात. बेटेगावकरांना तर तुंगारेश्वर, तानसा ही अभयारण्यं तशी जवळच.

थ्रिल आहेच, पण मचाणावर खरी भीती बिबट्याची नाही, पडण्याची!

माझा एक मित्र रात्रभर दोर बांधून शहाण्यासारखा बसला. पहाटे ‘झालं की आता’ म्हणत त्याने दोर सोडला, सॅक खांद्यावर टाकली आणि शिडीवरून घसरला. घोट्याला दीड महिना प्लास्टर!

अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणं मारणारे शिकारी पाठीवर नेता येईल असं अ‍ॅल्युमिनियमचं हलकं मचाण वापरतात. त्याला म्हणतात ‘ट्रीस्टॅण्ड’. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा बाण विसरा. पण त्यांची शिस्त जरूर उचला.

पहिली गोष्ट, नुसता कमरपट्टा नको. खांदे आणि मांड्यांनाही धरणारा हार्नेस घ्या. दुसरी, तो जमिनीवरच अडकवा आणि पाय पुन्हा जमिनीला लागेपर्यंत सोडू नका. चढता-उतरता माणूस सर्वांत जास्त पडतो. तिसरी, दोर डोक्याच्या वर, जिवंत आणि भक्कम खोडाला बांधा. बसल्यावर त्यात ढील राहायला नको. चौथी, सॅक, कॅमेरा, पाणी खाली ठेवा आणि वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तिघांची पकड कायम हवी.

आणि चुकून लटकलातच, तर पाय हलवत राहा. हार्नेसमध्ये निपचित लटकल्याने पायांत रक्त साचतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून शिट्टी गळ्यात हवी आणि सोबतीला माणूसही हवा.

मचाण आधीच बांधलेलं असेल, तर चढण्यापूर्वी बांबू आणि गाठी हलवून बघा. पावसाळा खाल्लेली सुतळी दिसायला धडधाकट दिसते.

पहाटे तीनला डोळा लागतोच हो! तेव्हा तुम्हाला धरून ठेवतो तो फक्त दोर.