पहिला स्मार्टफोन : खोक्यावरची किंमत आणि खरी किंमत

बोलण्यासाठी बटणांचा साधा मोबाइल आजही पुरेसा आहे. कारखान्यातील नोकरीसाठी मात्र तो अपुरा पडू लागला आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नव्या सभासदाचा सार्वत्रिक खाते क्रमांक, म्हणजेच यूएएन, १ ऑगस्ट २०२५ पासून सर्वसाधारणपणे ‘उमंग’ ॲपवर चेहऱ्याची पडताळणी करूनच निघतो. सोलापूर-पुणे महामार्गावर, मोहोळ तालुक्यात वसलेल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत रसायनांपासून वाहनांच्या सुट्या भागांपर्यंत नाना प्रकारचे उत्पादन होते. तेथे ठेकेदारामार्फत कामाला लागणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हा बदल किरकोळ नाही. पगारातून कापलेली रक्कम ठेकेदाराने खरोखर खात्यात भरली की नाही, हे पासबुक उघडून स्वतः पाहता येणे, ही त्याची सर्वांत मोठी गरज आहे. चेहऱ्याची पडताळणी एखाद्या मित्राच्या फोनवरही उरकता येते. परंतु दर महिन्याचे पासबुक आणि बँकेचे व्यवहार दुसऱ्याच्या फोनवर पाहणे शहाणपणाचे नव्हे.

म्हणूनच आठ-दहा हजार रुपये कसेबसे बाजूला काढणाऱ्याने दुकानात शिरण्यापूर्वी फोनकडून कोणती कामे करून घ्यायची आहेत, हे ठरवावे. निर्वाह निधी, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि घरातील मुलांचा थोडाफार अभ्यास, एवढीच बहुतेकांची यादी असते. आधारच्या चेहरा-पडताळणी ॲपसाठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणक्षमता असावी, असे प्राधिकरणाचे मार्गदर्शन सांगते. हाच किमान निकष मानण्यास हरकत नाही. २ किंवा ३ जीबी रॅमचा फोन हजार-दीड हजाराने स्वस्त मिळतो खरा. पण वर्षभरात ॲप फुगत जातात आणि फोन अडखळू लागतो.

याच ठिकाणी ग्राहकाची सर्वाधिक दिशाभूल होते. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘८ जीबी रॅम’ छापलेले असते. शेजारच्या तारांकित टिपेत बारीक अक्षरांत ‘४ अधिक ४’ असा खुलासा असतो. यातील दुसरे चार हे रॅम नव्हेच. फोनच्या साठवणीतील काही जागा तात्पुरती रॅमसारखी वापरली जाते, एवढाच त्याचा अर्थ. साठवण रॅमपेक्षा कितीतरी मंद असते आणि स्वस्त फोनमध्ये ती बहुधा ‘ईएमएमसी’ या जुन्या, अधिक संथ प्रकारची असते. विक्रेत्याला ‘मूळ रॅम किती?’ असा नेमका प्रश्न विचारावा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महाग झाल्याने कंपन्यांना रॅममध्येच काटकसर करण्याचा मोह होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलचे आकडे सरळ दुर्लक्षावेत. स्वस्त फोनमधील ५० मेगापिक्सेल हे मुख्यतः जाहिरातीसाठी असतात. त्याऐवजी सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळतील, हे विचारावे. अद्यतने थांबलेला फोन बंद पडत नाही. परंतु त्यावरून पैशांचे व्यवहार करणे जोखमीचे होते आणि कालांतराने बँकांची ॲपही त्याला नाकारतात. सात हजारांचा फोन दोन वर्षे टिकला आणि नऊ हजारांचा चार वर्षे, तर स्वस्त कोणता, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचारही येथे करावाच लागतो. ज्वालाग्राही द्रव्ये हाताळणाऱ्या विभागांत साधा मोबाइल नेण्यास मनाई असते. मग पाळी संपेपर्यंत तो लॉकरमध्ये, नाहीतर दुचाकीच्या डिकीत पडून राहतो. बाहेर पारा चाळिशीपार असताना बंद डिकीतील तापमान त्याहून पुष्कळ चढते आणि लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. ५००० एमएएचची बॅटरी घेऊनही ती डिकीत भाजून काढली, तर उपयोग शून्य. गावात कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र आहे का, याचीही चौकशी आधीच करावी.

फाइव्ह-जीसाठी या टप्प्यात अट्टहास नको. वर सांगितलेल्या कामांना फोर-जी पुरते. घ्यायचाच असेल, तर आपल्या सिमवर ते चालेल ना, हे पाहावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आलेल्या रेडमी ए४ या स्वस्त फोनचे फाइव्ह-जी जिओच्या स्वतंत्र जाळ्यावर चालत होते. एअरटेलची त्या वेळची यंत्रणा फोर-जीच्या आधारावर उभी असल्याने तिच्यावर चालत नव्हते.

हप्त्यांचा प्रश्न याहून नाजूक. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. समजा, ९,००० रुपयांचा फोन रोखीने ८,५०० ला मिळतो. ‘बिनव्याजी’ योजनेत ४०० रुपये प्रक्रिया शुल्क आगाऊ आणि दीड हजाराचे सहा हप्ते भरायचे आहेत. म्हणजे एकूण ९,४०० रुपये गेले. जादा ९०० रुपये सहा महिन्यांत फेडायच्या कर्जावर पडल्याने वार्षिक दर ३५ टक्क्यांच्या पुढे जातो! १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांसाठी मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्कासहित वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागून घ्यावा. दोन-तीन पगार थांबणे शक्य असेल, तर थांबलेले बरे.

जुना फोन घेणे हाही चांगला मार्ग आहे, मात्र पावतीशिवाय नाही. *#०६# दाबल्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवला, की फोनची नोंद कळते. चोरीचा म्हणून रोखलेला फोन निघाला, तर पैसे तर बुडतातच, शिवाय पोलीस चौकीची पायरीही चढावी लागते.

फोन कोणताही घ्या, आधार, बँक आणि यूएएन या तिन्हींशी जोडलेला क्रमांक मात्र तोच ठेवावा. नव्या फोनबरोबर मिळणाऱ्या फुकट सिमच्या नादात जुना क्रमांक बंद पडला, तर निर्वाह निधी काढण्यासाठी लागणारा ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जाऊ शकतो.