शाळेपुढे गाडी हळू का?

शाळा सुटल्याची घंटा झाली, की पोरे कशी बाहेर पडतात ते तुम्ही पाहिले आहे. दप्तर सांभाळीत, एकमेकांना ढकलीत, गोफणीतून दगड सुटावा तशी सुटतात. पूर्वी त्याची भीती नव्हती. शाळेपुढून बैलगाडीची वाट होती. पोर आडवे आले तर बैलच थबकायचे. आता त्या वाटेची डांबरी सडक झाली. ते चांगलेच झाले. दूध वेळेवर जाते, अडलेल्या बाईला दवाखान्यात नेता येते. पण फटफट्या, टेंपो आणि उसाचे ट्रॅक्टरही त्याच सडकेने धावतात.

आम्ही वर्गाच्या निमित्ताने गावोगाव फिरतो. एका गावी शाळेच्या अलीकडे दोन पाट्या होत्या. एक तिकोनी, तिच्यावर दोन मुलांचे चित्र. दुसरी गोल, तांबड्या कडेची, मध्ये काळा आकडा 30. वर्गातल्या एका मामांनी आकडा बरोबर वाचला आणि विचारले, "तीस काय? किलोमीटर? शाळा तर ही काय, इथंच आहे!"

मामांनी विचारले ते बरे केले. पुष्कळांना हे ठाऊक नसते. तिकोनी पाटी सावध करते : पुढे शाळा आहे. तांबड्या कडेची गोल पाटी हुकूम करते. 30 हा अंतराचा आकडा नव्हे, वेगाचा. तासाला 30 किलोमीटर, याहून जोरात गाडी हाकायची नाही.

मामांचा थोरला तिथेच उभा होता. तो म्हणाला, "एवढं हळू कशाला? मला ब्रेक मारता येतो की!"

मग आम्ही सगळे सडकेच्या कडेने पावले मोजत निघालो. हिशेब असा. पोर दिसले, ते ध्यानात आले, हातपाय ब्रेकवर गेले. चलाख माणसाचाही यात एक सेकंद जातो. तेवढ्यात 30 च्या वेगाची गाडी 27 फूट पुढे जाते. मग ब्रेक लागतो. सडक कोरडी आणि ब्रेक चांगले असले तरी आणखी सुमारे 17 फूट जातात. झाले 44 फूट. मोठ्या टांगांनी 15 पावले.

आता वेग 60 धरू. पहिल्या सेकंदातच गाडी 55 फूट जाते. ब्रेक लागल्यावर किती? थोरला म्हणाला, "दुप्पट. चौतीस." तसे नाही. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. सतरा चोक अडुसष्ट. 55 आणि 68 मिळून 123 फूट. मोठी 41 पावले!

पंधराव्या पावलावर आम्ही एक दगड ठेवला. समजा, त्या दगडापाशी पोर आडवे आले. 30 ने येणारा पोरापाशी येऊन थांबतो. 60 ने येणाऱ्याचा ब्रेक लागण्याआधीच गाडी पोराला भिडलेली असते, तीही भर वेगात. थोरला त्या दगडाकडे पाहत राहिला. त्याची धाकटी बहीण त्याच शाळेत दुसरीत आहे.

आणि धडक किती जोराची? 30 च्या वेगाची धडक म्हणजे सुमारे साडेअकरा फुटांवरून पडणे. घराच्या माळवदावरून पडल्यासारखे. 60 ची धडक म्हणजे 46 फुटांवरून, कोरड्या विहिरीत पडल्यासारखी. माळवदावरून पडलेलाही नेहमीच वाचतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे. पावसात, झिजलेल्या टायरांवर गाडी आणखी लांब जाते. भरल्या ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर तर हळू असूनही चटकन थांबत नाही.

पोरांना दोष देऊन भागत नाही. उभ्या टेंपोमागून मोठ्या माणसाचे डोके दिसते, पोराचे दिसत नाही. आणि येणारी गाडी किती जोरात आहे, हा अंदाज लहान मुलाला करता येत नाही. 2020 साली स्वीडन देशात स्टॉकहोम शहरी अनेक देशांचे मंत्री जमले होते. जिथे माणसे आणि गाड्या एकाच जागी वावरतात तिथे वेग 30 च्या वर नसावा, असे त्यांनी जाहीर केले.

मग शाळेपुढे गतिरोधक घालावा का? जरूर घालावा. पण आपल्याकडे काय होते? अपघात झाला, की रातोरात माती-दगडांचा उंच बांध घालतात. त्यावर पट्टा नाही, अलीकडे पाटी नाही. मग फटफटीवर मागे बसलेली बाई अंधारात उडून पडते. शास्त्राप्रमाणे गतिरोधक बारा फूट रुंद, गोलसर, आणि मध्ये फक्त 10 सेंटीमीटर, म्हणजे अर्धी वीत उंच असतो. तो ज्याची सडक त्यानेच करायचा. म्हणून आधी सडक कोणाची ते ग्रामपंचायतीत विचारा. जिल्हा परिषदेची असेल, बांधकाम खात्याची असेल. मग ग्रामसभेत ठराव करून तिकडे लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. आता तुम्हाला लिहिता येते. सही करण्याआधी ठराव वाचूनही पाहा.

एक गोष्ट मात्र आम्हाला पटत नाही. ग्रामसभेत सगळे म्हणतात, "बाहेरच्या गाड्या सुसाट जातात." आम्ही त्या गावी शाळा सुटताना तासभर बसलो. जोरात गेले ते बहुतेक गावचेच. त्यांत मिसरूड न फुटलेले दोघे होते. 2019 साली मोटार कायदा बदलला. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. किल्ली खुंटीवर कोण ठेवतो?

त्या तासाभरात आणखी एक दिसले. फाटकासमोर, सडकेच्या पलीकडे एक आजी बोरे-चिंचा घेऊन बसत. घंटा झाली, की निम्मी शाळा सडक ओलांडून त्यांच्याकडे धावे. हे रोज सगळे पाहत होते, कुणाच्या ध्यानात आले नव्हते. मामांनी दुसऱ्याच दिवशी आजींची पाटी उचलून अलीकडे, फाटकाच्या आत, लिंबाच्या सावलीत ठेवली. आजी आधी कुरकुरल्या. पुढच्या खेपेला आम्ही विचारले तर म्हणाल्या, "खप तेवढाच हाय. अन् उन्हाचा ताप बी गेला."