एक हार्ड डिस्क, दोन संगणक : ‘फॉरमॅट’चे बटण दाबण्यापूर्वी

मढ परिसरातील बंगल्यांमध्ये मालिका, जाहिराती आणि चित्रपटांचे चित्रीकरण सतत सुरू असते. दिवसभरात टिपलेली दृश्ये कॅमेऱ्याच्या कार्डावरून पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवली जातात आणि ती डिस्क संकलनासाठी अंधेरी-गोरेगावकडे रवाना होते. बोटीने गेल्यास वर्सोवा काही मिनिटांच्या अंतरावर. रस्त्याने मात्र मार्वे-मालाडचा मोठा वळसा. एवढ्या प्रवासानंतर डिस्क संगणकाला जोडावी आणि ती वाचता येत नसल्याचा संदेश पडद्यावर झळकावा, असा प्रसंग या व्यवसायात नवा नाही. लग्नाची छायाचित्रे घेऊन येणारा स्टुडिओवाला किंवा कार्यालयातील काम घरच्या संगणकावर नेणारा कर्मचारी यांनाही तो चुकत नाही. डिस्क बिघडली, असे गृहीत धरून घाबरण्याचे कारण नाही. बहुधा एकीकडे मॅक आणि दुसरीकडे विंडोज, एवढाच तो मामला असतो.

डिस्क ही वखार मानली, तर कोणता माल कोठे ठेवला आहे याची खतावणी म्हणजे ‘फाइल सिस्टिम’. फॉरमॅट करणे म्हणजे ही खतावणी नव्याने मांडणे. अडचण अशी, की प्रत्येक कंपनीने ती आपापल्या लिपीत लिहिली. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर ‘एनटीएफएस’ आणली. अ‍ॅपलने १९९८ मध्ये ‘एचएफएस प्लस’ आणि २०१७ मध्ये मॅक संगणकांसाठी ‘एपीएफएस’ स्वीकारली. मॅकला एनटीएफएस डिस्कवरील फाइल वाचता येतात. पण वेगळे सॉफ्टवेअर घेतल्याखेरीज तिच्यावर काही लिहिता येत नाही. विंडोजला तर अ‍ॅपलच्या दोन्ही पद्धती मुळीच उमगत नाहीत.

खरा धोका येथे आहे. अनोळखी डिस्क जोडली की विंडोज अनेकदा ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असे सुचवते, तर मॅक ‘इनिशियलाइज’चा पर्याय पुढे करतो. संगणकच सांगतो आहे म्हणून होकार दिला, की जुनी खतावणी गेली आणि तिच्याबरोबर दिवसभराचे काम गेले. अशा वेळी ‘कॅन्सल’ किंवा ‘इजेक्ट’ करून ती डिस्क जेथे भरली, त्याच प्रकारच्या संगणकाला जोडून पाहावी.

दोन्हीकडे चालणारी जुनी पद्धत म्हणजे ‘फॅट३२’. मात्र तिच्या खतावणीत फाइलचा आकार लिहिण्यासाठी ३२ बिटांचाच रकाना आहे. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइट, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी, यापेक्षा मोठी फाइल तिच्यावर ठेवता येत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने नोंदवलेले दृश्य ही मर्यादा पावणेसहा मिनिटांच्या आत गाठते. चित्रीकरणासाठी ती कुचकामीच म्हणायची.

म्हणून आज दोन्हीकडे फिरणाऱ्या डिस्कसाठी ‘एक्सफॅट’ हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली. २०१० मध्ये मॅकने ती स्वीकारली. २०१९ मध्ये तिचा तपशील जाहीर झाल्यावर लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीतही तिला जागा मिळाली. फाइलच्या आकाराची मर्यादा तिच्यात व्यवहारात आड येत नाही.

फॉरमॅट करण्यापूर्वी डिस्कवरील सर्व काही अन्यत्र उतरवून घ्यावे, कारण त्यानंतर जुन्या फाइल दिसणार नाहीत. विंडोजमध्ये ‘धिस पीसी’मधील त्या डिस्कवर माउसचे उजवे बटण दाबून ‘फॉरमॅट’ निवडावे आणि फाइल सिस्टिम म्हणून ‘एक्सफॅट’ ठरवावी. मॅकमध्ये ‘डिस्क युटिलिटी’ उघडून ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडावे, सर्वांत वरची नोंद धरून ‘इरेज’ करावे. फॉरमॅट ‘एक्सफॅट’ आणि स्कीम ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ ठेवावी. डिस्कचे नाव आणि क्षमता दोनदा तपासावी. घाईत शेजारचीच डिस्क पुसली जाण्याचा धोका असतो.

एक्सफॅटची एक उणीव ध्यानात ठेवायला हवी. एनटीएफएस किंवा एचएफएस प्लसमध्ये होऊ घातलेल्या बदलांची आगाऊ नोंद ठेवणारी ‘जर्नल’ असते; वीज गेली तरी तिच्या आधारे खतावणी सावरता येते. एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. फाइल उतरत असताना केबल निसटली, तर एका फाइलवर न भागता संपूर्ण यादीच विस्कटू शकते. त्यामुळे ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढू नये आणि दुसऱ्या डिस्कवर प्रत उतरून ती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

मॅकवर वापरलेली अशी डिस्क विंडोजला जोडल्यास टिंब व अधोरेषेने सुरू होणाऱ्या, मूळ फाइलचेच नाव असलेल्या चिमुकल्या फाइल दिसतात. त्या उघडत नाहीत म्हणून दृश्ये खराब झाली असे नव्हे. मॅकने स्वतःसाठी ठेवलेल्या त्या नोंदी असतात. मॅकच्या ‘टाइम मशीन’ या बॅकअप सुविधेला मात्र एक्सफॅट डिस्क चालत नाही, त्यासाठी वेगळीच डिस्क ठेवावी लागते.